मांजराच्या पोटातला कांदा आणि आपल्या पाठीतली कळ

मागच्या सोमवारी दुपारी दवाखाना आटोपत आला होता. कंपाउंडरने बाहेरचा पंखाही बंद केला होता. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आणि त्यांचा सहावीतला मुलगा आत आले. मुलाच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून दोन कान बाहेर आलेले.

"डॉक्टरकाका, मनी तीन दिवस जेवली नाही. नुसती पलंगाखाली बसून राहते."

"अरे, मी माणसांचा डॉक्टर," मी म्हणालो.

"ते माहीत आहे हो," वहिनी म्हणाल्या, "पण अंग गरम लागतंय तिचं. ह्याचं तापाचं पातळ औषध आहे घरात, पॅरासिटामॉलचं. चमचाभर पाजू का, एवढंच विचारायला आले."

मी खुर्चीतून उठलोच. वाचकहो, ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवा. पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. आपले यकृत ज्या रासायनिक वाटेने हे औषध निकामी करून बाहेर टाकते, ती वाट मांजराच्या यकृतात फार अरुंद असते. मोठ्या माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्याही तिला देऊ नयेत.

मी त्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी तपासून पुण्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे तिथे न्यायला सांगितले. रात्री मुलाचा फोन आला. "काका, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला सूज आहे म्हणाले. स्वादुपिंड मांजरालाही असतं?"

असते. आणि त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण मी आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिलेले स्वादुपिंड मांजराचेच होते.

१९८८ साली मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो. शरीररचनाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला काचपट्ट्या वाटल्या जात आणि सूक्ष्मदर्शकात दिसेल ते लाल-निळ्या पेन्सिलीने वहीत काढायचे असे. एका पट्टीवरच्या चिठ्ठीत लिहिले होते, "पॅन्क्रियाज, कॅट". जांभळ्या पेशींचे घोस दिसले, त्यांच्यामध्ये फिकट रंगाची बेटे दिसली. इथपर्यंत पुस्तकाप्रमाणे होते. पण एका कोपऱ्यात एक भलतीच गोष्ट होती. आडवा कापलेला कांदा! पापुद्र्यावर पापुद्रे, आणि मध्यभागी एक ठिपका. माझ्या शेजारच्या मित्राने, तो आज सांगलीत सर्जन आहे, ठामपणे सांगितले की पट्टी करताना कोणाच्या तरी डब्यातला कांदा आत पडला असणार. सरांनी ते ऐकले. हसले, आणि म्हणाले, "हा कांदा मांजराच्या पोटातलाच आहे. याच्या मधोमध मज्जातंतू आहे."

ती होती पॅसिनीची कणिका. फिलिप्पो पॅसिनी हा इटलीतला. १८३१ साली विद्यार्थी असताना शवाच्या हाताचे विच्छेदन करताना त्याला बोटांच्या मज्जातंतूंवर हे बारीक मणी दिसले. (याच पॅसिनीने १८५४ मध्ये फ्लोरेन्सच्या साथीत पटकीचे जंतूही पाहिले होते. कॉखच्या तीस वर्षे आधी. त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.) माणसात या कणिका मुख्यतः तळहात, बोटे आणि तळपायाच्या कातडीखाली असतात. मांजरात मात्र त्या पोटातही भरपूर सापडतात, स्वादुपिंडात आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात. काही तर एवढ्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. म्हणूनच जगभरच्या विद्यार्थ्यांना पॅसिनीची कणिका दाखवायची तर मांजराचे स्वादुपिंड दाखवतात.

ही कणिका काय करते ते कळण्यासाठी मिरजेसारखे गाव नाही. सुटीच्या दिवशी आम्ही सतारमेकर गल्लीत जात असू. पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत घातलेले असत आणि आत कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले असत. एकदा एका वृद्ध कारागिरांनी माझा हात धरून भोपळ्यावर ठेवला आणि तार छेडली. कानाला सूर ऐकू आला तो वेगळा, पण तळहातात जी झिणझिण पसरली ती या कणिकांची करामत. सावकाश आणि सतत दिलेला दाब ही कणिका थोड्याच वेळात विसरते. थरथर मात्र ती अचूक टिपते, सेकंदाला दोनशे-तीनशे कंपने असली तर विशेषच. लोवेनस्टाइन या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत मांजराच्या पोटातून काढलेल्या कणिकेचे पापुद्रे एकेक करून सोलले. गाभ्यातला मज्जातंतू तरीही काम करीत होता, मात्र आता तो संथ दाबालाही उत्तर देत राहिला. म्हणजे पापुद्रे हे चाळणीचे काम करतात. कंपन तेवढे आत सोडायचे, बाकीचे अडवायचे.

मग मांजराच्या पोटात कुठला तंबोरा वाजतो? गॅमन आणि ब्राँक यांनी १९३५ साली मांजराच्या आतड्याच्या पडद्यातील कणिकांमधून निघणारे विद्युत संदेश नोंदवले, तेव्हा त्यातले काही शेजारच्या रोहिणीच्या ठोक्याबरोबर येत होते. रक्ताचा प्रत्येक ठोका तिथे टिपला जात होता. एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. या कणिका दुखणे सांगत नाहीत. दुखणे सांगणाऱ्या तारा वेगळ्या, त्यांना असले पापुद्र्यांचे कपडे नसतात. त्यांच्याकडे आपल्याला पुढे यायचेच आहे.

आता आपल्या स्वादुपिंडाकडे वळू. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून, आडवे पडलेले हे वीतभर लांबीचे इंद्रिय. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. दोन कामे करते. रोज सुमारे दीड लिटर पाचक रस आतड्यात सोडते, आणि त्यातली लँगरहॅन्सची बेटे इन्सुलिन व ग्लुकॅगॉन रक्तात सोडून साखर ताब्यात ठेवतात. बर्लिनच्या पॉल लँगरहॅन्सने ही बेटे १८६९ साली सशाच्या स्वादुपिंडात पाहिली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता आणि ती कशासाठी आहेत हे त्याला माहीत नव्हते.

या इंद्रियाला तीन प्रकारच्या तारा येतात. पहिली व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटक्या. मेंदूच्या तळातून निघून ती मानेतून, छातीतून भटकत पोटात येते. तिचा हुकूम एकच, "जेवण येते आहे, कामाला लागा." दुसरी सिंपथेटिक. ही छातीच्या पातळीवर मज्जारज्जूतून निघते, महारोहिणीच्या पुढ्यात असलेल्या सिलिअ‍ॅक नावाच्या मोठ्या गुंत्यात थांबते आणि तिथून रक्तवाहिन्यांना धरून स्वादुपिंडात शिरते. तिचा हुकूम, "संकट आहे, जेवण राहू दे, साखर मोकळी करा." तिसऱ्या तारा उलट दिशेच्या, स्वादुपिंडाकडून मज्जारज्जूकडे बातमी नेणाऱ्या. शिवाय खुद्द स्वादुपिंडात मज्जापेशींच्या लहान लहान गाठी असतात, तालुक्याच्या कचेऱ्यांसारख्या. बारीकसारीक निर्णय तिथेच होतात. हा सगळा आराखडा मांजरात आणि माणसात सारखा आहे.

व्हेगसचे काम पाहायचे असेल तर घरी कंदी पेढ्यांचा डबा उघडा. वास आला, नुसता डब्याचा आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटते. तसेच पाणी, न दिसता, स्वादुपिंडालाही सुटते. घास पोटात जायच्या आतच थोडा रस आणि थोडे इन्सुलिन निघालेले असते. रशियाच्या पावलॉव्हने कुत्र्यांवर हे दाखवले आणि १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. मात्र पावलॉव्हची समजूत अशी की स्वादुपिंड मज्जातंतूंशिवाय हलतच नाही. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या मेहुण्यांच्या जोडीने १९०२ च्या जानेवारीत एका बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल घातले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरू लागला. आतड्याच्या अस्तरातून काहीतरी रक्तात जात होते. तेच सिक्रेटिन. पुढे स्टार्लिंगने अशा पदार्थांसाठी १९०५ मध्ये जो शब्द वापरला तो आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे, हॉर्मोन. तेव्हा स्वादुपिंडाला निरोप दोन वाटांनी येतो, तारेने आणि टपालाने.

सिंपथेटिकचे काम दाखवायला पुन्हा मांजरच उपयोगी पडले. अमेरिकेत हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये पिंजऱ्यातल्या मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला. मांजर धडधाकट होते, त्याला मधुमेह नव्हता. पण भेदरल्यावर त्याच्या लघवीत साखर आली. सिंपथेटिक तारांनी मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अ‍ॅड्रिनॅलिन सोडायला लावले, यकृताने साखर मोकळी केली, आणि स्वादुपिंडाच्या बेटांवर इन्सुलिन रोखून धरण्याचा दाब आला. पळायचे किंवा लढायचे तर साखर स्नायूंना हवी, साठवून काय करायची? याच कारणाने जाणते पशुवैद्य दवाखान्यात आणलेल्या मांजराची साखर एकदा वाढलेली दिसली म्हणून लगेच मधुमेह ठरवत नाहीत.

आपल्याकडेही हे रोज दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात, अपघातात, मोठ्या तापात आलेल्या माणसाची साखर दोनशेच्या वर निघते आणि नातेवाईक घाबरून विचारतात, "डाक्टर, आता शुगर पण लागली का?" कधी लागलेली असते, कधी ती नुसती संकटाची साखर असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली आणि दुखणे उतरल्यावर पुन्हा साखर पाहिली म्हणजे उलगडा होतो. तोवर गोळ्या आयुष्यभराच्या की तात्पुरत्या, या वादात पडू नये.

सिंपथेटिक पिसाळली तर काय होते हे मात्र कुठल्या प्रयोगशाळेत नाही, मी पाटण तालुक्याच्या डोंगरात पाहिले. शिक्षण संपवून मी तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. पावसाच्या तोंडावर, रात्री, सात-आठ वर्षांच्या पोराला घोंगडीत गुंडाळून आणले. गोवऱ्या काढताना तांबडा विंचू चावला होता. पोर गार पडलेले, अंगावर घामाच्या धारा, नाडी धावती. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांतून साठा एकदम रिकामा करवते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. आणि त्याच वेळी स्वादुपिंडावर असा ब्रेक लागतो की साखर वाढत असूनही इन्सुलिन सुटत नाही. हृदयाला गरज असते तेव्हाच इंधन वापरता येत नाही.

या संकटावर इलाज शोधला तो आपल्याच एका डॉक्टरांनी. कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर. एकेका रुग्णाजवळ रात्र रात्र बसून त्यांनी नोंदी केल्या आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. प्राझोसिन सिंपथेटिकचा नेमका आवळणारा हात सोडवते. रक्तवाहिन्या सैल होतात आणि स्वादुपिंडावरचा ब्रेकही सुटून इन्सुलिन वाहू लागते. पूर्वी गंभीर अशा तीन-चार रुग्णांत एक दगावत असे, तिथे आता वेळेवर औषध मिळाले तर मृत्यू क्वचित होतो. पुढे विंचवावरची प्रतिलसही आली. ती आणि प्राझोसिन मिळून दिले तर रुग्ण लवकर बरा होतो, हे डॉ. बावस्कर पती-पत्नींनी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून दाखवून दिले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या त्या पोराला मी प्राझोसिनची गोळी दिली होती. पहाटे त्याचे पाय कोमट झाले तेव्हा त्याची आजी म्हणाली, "इक उतारलं." मंत्र घालणारा बाहेर बसला होता, श्रेय त्यालाही थोडे मिळाले. माझी तक्रार नाही. पण विंचू चावल्यावर अंगाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार ही लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे अर्धा तासही घालवू नका.

व्हेगसच्या बाजूची तार पिसाळण्याचेही एक उदाहरण आपल्या द्राक्षबागांच्या जिल्ह्यात आहे, ते थोडक्यात सांगतो. काही कीटकनाशके या तारांचा निरोप पुसून टाकणारे रसायन बंद पाडतात. निरोप संपतच नाही. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, बाहुली टाचणीएवढी होते. त्यात स्वादुपिंडही अतोनात चेतवले जाते आणि काही जणांत त्याला सूज येते. फवारणीचे औषध पोटात गेलेल्या रुग्णाचे पोट नंतर दोन-तीन दिवसांनी दुखू लागले तर स्वादुपिंडाची आठवण ठेवावी लागते ती यामुळे.

आता त्या तिसऱ्या तारा, दुखणे सांगणाऱ्या. या सिंपथेटिकच्याच वाटेने, सिलिअ‍ॅक गुंत्यातून उलट्या जातात आणि छातीच्या मधल्या व खालच्या मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. त्याच पातळीवर वरच्या पोटाच्या आणि पाठीच्या कातडीच्या तारा आलेल्या असतात. एका खांबावर दोन घरांच्या वायरी. मेंदूला बातमी पोचते, पण घर कोणते ते नीट कळत नाही. त्यात माणसाचे स्वादुपिंड पाठीच्या बाजूला चिकटून पडलेले. म्हणून स्वादुपिंडाची कळ बेंबीच्या वर सुरू होते आणि आरपार पाठीत निघते. उताणे झोपले की वाढते, पुढे वाकून बसले की जरा थांबते.

हे वाक्य मला एमबीबीएसला पाठ होते. तरी एकदा मी चुकलो. ते लिहायचे की नाही याचा विचार केला, मग म्हटले लिहावे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. अठ्ठावन्न वर्षांचे एक निवृत्त शिक्षक. सडपातळ, रोज सायकल चालवणारे, सुपारीचेही व्यसन नाही. पाठ दुखते म्हणून आले. मी कणा तपासला, एक्सरे काढला, त्यात वयाप्रमाणे झीज दिसली. झीज कोणाच्या एक्सरेत दिसत नाही? पट्टा दिला, गोळ्या दिल्या, शेक सांगितला. दोन आठवड्यांनी परत आले. गोळ्या बदलल्या. महिन्याने वजन चार किलो उतरले होते. रक्त तपासले तर साखर २२०. घरात कोणाला मधुमेह नाही, पण मला कारण सापडल्याचे समाधान झाले. साखर वाढली की वजन उतरतेच! मधुमेहाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांच्या पत्नी एकदा बरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रात्रभर झोपत नाहीत हो. उशी पोटाशी धरून, वाकून बसून असतात." मी ते ऐकले आणि झोपेची गोळी लिहून दिली.

सहाव्या आठवड्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. मी त्यांना सांगलीला माझ्या त्या कांदेवाल्या मित्राकडे पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन आला. "उशीवरून वाकून बसतात हे तुला कधी कळलं?" एवढेच त्याने विचारले. स्वादुपिंडाच्या डोक्यापासून शरीरापर्यंत पसरलेला कर्करोग होता. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. सहा आठवडे आधी सापडला असता तर वाचले असते असे मी म्हणू शकत नाही. या रोगात बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो. पण त्या सहा आठवड्यांत गुरुजींना ज्या यातना झाल्या, त्या माझ्या खात्यावर आहेत.

शेवटचे दिवस त्यांना बरे गेले, ते पुन्हा याच मज्जातंतूंच्या ज्ञानामुळे. त्यांना मोठ्या शहरात नेऊन पाठीतून लांब सुईने सिलिअ‍ॅक गुंत्याच्या जागी औषध सोडून त्या तारा बधिर केल्या गेल्या. जर्मनीच्या माक्स काप्पिस या सर्जनने १९१४ मध्ये ही वाट दाखवली. आज ती एक्सरे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने करतात. रोग तिथेच राहतो, पण बातमी पोचायची थांबते किंवा पुष्कळ कमी होते. गुरुजी त्या रात्री तीन महिन्यांत प्रथमच उताणे झोपले, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. पुढे चार महिने ते होते.

तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी आहे. पन्नाशी उलटलेला माणूस, घरात मधुमेह नाही, अंगाने सडपातळ, तरी एकाएकी साखर आणि सोबत वजनात उतार, पाठीत किंवा वरच्या पोटात न जाणारी कळ. अशा वेळी साखरेची गोळी लिहिण्याआधी पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायची, आणि त्यात दिसले नाही तरी संशय असेल तर सीटी स्कॅनची. वाचकांपैकी कोणाला नुकताच मधुमेह निघाला असेल तर घाबरून जाऊ नये. नव्या मधुमेहींपैकी फारच थोड्यांत असे काही सापडते. पण वजन उतरत असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, आणि रात्री कसे बसता तेही सांगा.

अचानक येणारी स्वादुपिंडाची सूज हा याहून वेगळा, आणि आपल्याकडे पुष्कळ जास्त दिसणारा प्रकार. कारणे मुख्यतः दोन, पित्ताशयातले खडे आणि दारू. लग्नसराईत, यात्रेनंतर, आदल्या रात्री बसून झाल्यावर हे रुग्ण येतात. "गॅस धरलाय" म्हणतात. सोडा, ओवा, लिंबू, इनो सगळे झालेले असते, कोणीतरी पोट चोळूनही दिलेले असते. गॅसची कळ येते जाते. ही एकदा धरली की तासन्‌तास सोडत नाही, पाठीत जाते, उलटीने हलके वाटत नाही. अशा वेळी घरी थांबू नये. रक्तातील लायपेज आणि अमायलेज, सोनोग्राफी, आणि दवाखान्यात भरती करून शिरेतून सलाइन. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात, काही थोड्यांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. खड्याचा त्रास का होतो? पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात उघडताना बहुधा एकत्र येतात, तिथे खडा अडकतो. मांजरातही या दोन नलिका अशाच एकत्र होतात, म्हणून तिच्यात स्वादुपिंड, यकृत-पित्तमार्ग आणि आतडे तिघांना एकदम सूज येण्याचा प्रकार पशुवैद्य वरचेवर पाहतात.

एका बाबतीत मात्र मांजर आपल्याहून निराळे. तिचे स्वादुपिंड पाठीला चिकटलेले नसते, पातळ पडद्यात लोंबते. आणि दुखणे ती दाखवत नाही. कुत्रा कण्हतो, सारखा उलट्या करतो. मांजर खाणे सोडते, कोपऱ्यात जाऊन बसते, अंग चाटून स्वच्छ करणे बंद करते. एवढेच. रानात दुखणे दाखवणारा प्राणी दुसऱ्याचे भक्ष्य होतो, तो स्वभाव घरात आला तरी गेला नाही. पण तिची उपासमार लांबली तर धोका दुप्पट. काही दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. तेव्हा मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर "रुसली असेल" म्हणून सोडून देऊ नये.

मधुमेहाच्या बाबतीत ती पुन्हा आपली जवळची नातेवाईक आहे. १९८७ मध्ये स्वीडनच्या वेस्टरमार्क यांनी मधुमेही मांजराच्या बेटांत साचणारा चिकट पदार्थ आणि माणसाच्या इन्सुलिन करणाऱ्या गाठीत साचणारा पदार्थ एकाच प्रथिनापासून बनतो हे दाखवले. सगळेच सारखे असते असे मात्र नाही. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मांजराच्या बेटांतील इन्सुलिनच्या पेशींना टेकलेली मज्जातंतूंची टोके दिसली होती. माणसाच्या बेटांत ती पेशींपर्यंत फार थोडी जातात, बरीचशी बेटातल्या रक्तवाहिन्यांपाशीच थांबतात, असे २०११ मध्ये दिसून आले. मांजराची वही पाहून माणसाचा पेपर सोडवता येतो, पण काही उत्तरे तपासून घ्यावी लागतात.

मनीला शिरवळहून आणल्यावर चार दिवस रोज कातडीखाली सलाइन, उलटी थांबवणारे आणि मांजराला चालणारे वेदनाशामक इंजेक्शन, आणि कोमट केलेले मऊ खाणे बोटाने चाटवणे असा कार्यक्रम चालला. खाणे कोमट कशाला, असे मुलाने विचारले. वास सुटतो म्हणून, मी सांगितले, आणि त्याला व्हेगसची गोष्ट सांगितली.

काल संध्याकाळी वहिनी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. मागोमाग मुलगा, आणि पिशवीऐवजी त्याच्या खांद्यावर मनी. मी पुड्याची दोरी सोडली तशी तिने मान वर केली आणि नाक हलवले. मी पुडा कपाटात ठेवून दिला. एवढा खवा तिला अजून पचणार नाही, आणि खरे म्हणजे मलाही बंद आहे.